घर विकणे आहे: हाताने लिहिलेली पाटी कशी करावी आणि कुठे लावावी

तुमचा प्रश्न असा आहे. लातूरला बार्शी रोडच्या आतल्या कॉलनीत वडिलांनी बांधलेलं घर आहे. ३० बाय ४० चा प्लॉट, दोन खोल्या, हॉल, किचन. वडील आता नाहीत, तुम्ही नोकरीसाठी पुण्यात आणि आई धाकट्या भावाकडे. एजंट दोन टक्के मागतो, म्हणून स्वतःच पाट्या लिहून रस्त्याने लावायचा विचार आहे. कुणीतरी सल्ला दिलाय की पन्नास पाट्या करा आणि रात्रीतून खांबाखांबावर ठोकून टाका. याचा उपयोग होतो का, पाटीवर काय लिहायचं आणि हे कायद्यात बसतं का, असं तुम्ही विचारलंय.

उपयोग होतो, आणि चांगला होतो. लातूर, नांदेड, परभणी या पट्ट्यात मी बरीच वर्षं घर-प्लॉटचे व्यवहार करतोय. त्याआधी पेंटरच्या हाताखाली दुकानांचे बोर्ड लिहिलेत. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो. पन्नास पाट्यांची काहीएक गरज नाही. सात-आठ पुरतात, पण त्या नेमक्या जागी, जागेच्या मालकाला विचारून लावलेल्या आणि नीट लिहिलेल्या हव्यात. रात्री ठोकलेल्या पाट्या सकाळी महापालिकेचे लोक काढून नेतात, आणि पाटीवर तुमचाच नंबर असल्यामुळे शोधायलाही जावं लागत नाही.

आधी हे बघा की तुमचं घर घेणार कोण. तीस-पस्तीस लाखांचं बैठं घर घ्यायला मुंबईहून कोणी येत नाही. ते घेतो दोन गल्ल्या सोडून भाड्याने राहणारा शिक्षक. नाहीतर औसा, निलंगा, अहमदपूरकडचा एखादा शेतकरी, ज्याने लेकरांच्या शिकवणीसाठी लातुरात खोली केलेली आहे, दोन वर्षं भाडं भरून झालंय आणि घरात आता विषय निघतोय की एवढं भाडं देण्यापेक्षा आपलंच घर का असू नये. ही माणसं तुमच्या कॉलनीच्या रस्त्याने रोज जातात. त्यांना गाठायला शहरभर पाट्या लागत नाहीत, दीड-दोन किलोमीटरच्या आतल्या लागतात. आणि हाताने लिहिलेली पाटी दिसली की त्यांना वाटतं, हा मालकाचा बोर्ड आहे. छापील फ्लेक्स दिसला की वाटतं बिल्डर नाहीतर एजंट असणार. हाताच्या पाटीचं सगळं बळ या विश्वासात आहे. म्हणूनच एजंटाने मालक असल्यासारखी हाताची पाटी लावू नये, असं माझं ठाम मत आहे. एजंट असाल तर पाटीवर तसं लिहा आणि आपला महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक टाका.

महारेराचं इथेच सांगून टाकतो, कारण त्यावर बराच गोंधळ असतो. तुम्ही स्वतःचं बांधलेलं, राहतं घर विकताय, त्याला प्रकल्प नोंदणी लागत नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त घरांचा नवा प्रकल्प असेल, तर २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीशिवाय जाहिरातच करता येत नाही. शिवाय १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात अशा प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो. तिथे ब्रशने लिहिलेल्या पाटीचं काम नाही.

ब्रश हातात घेण्याआधी दोन कामं करा.

पहिलं घरातलं. वडिलांच्या पश्चात घरावर आईचा आणि तुम्हा सगळ्या भावाबहिणींचा हक्क आहे, लग्न झालेल्या बहिणीचासुद्धा. वारस नोंद झाली आहे का, फेरफार मंजूर आहे का, ते बघा. मग सगळ्यांना बसवून विकायचं आणि साधारण कितीला विकायचं, हे ठरवा. आपल्याकडे घराला पाटी लागली की तासाभरात भावकीत फोन फिरतात. बहिणीला ही गोष्ट पाटीवरून कळली, तर पुढे सहीच्या वेळी ते बाहेर येतं आणि तिचंही काही चुकलेलं नसतं. आईला तर सगळ्यात आधी विचारा. तिने त्या घरात संसार केलाय. ती आज धाकट्याकडे राहत असली तरी दारावर पाटी कधी लावायची, ते तिला विचारूनच ठरवावं.

दुसरं काम कागदांचं. घर एन.ए., म्हणजे बिगरशेती केलेल्या, प्लॉटवर आहे की गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवर? गुंठेवारीत असेल तर नियमित करून घेतलंय का? २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करून घेण्याची सोय झाली. तेव्हा ते प्रमाणपत्र घेतलेलं असेल तर शोधून ठेवा. बांधकाम परवाना, घरपट्टी आणि नळपट्टीच्या पावत्या, मूळ खरेदीखत, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, सगळं एका फाईलमध्ये लावा. मराठवाड्यात आणखी एक बघावं लागतं, ते म्हणजे मूळ जमीन इनामी, मदतमाश (निजामकाळातलं एक प्रकारचं इनाम), वर्ग २ ची (विकायला सरकारची परवानगी लागणारी) किंवा वक्फची तर नव्हती ना. गिऱ्हाइकाचा वकील हे काढणारच. तुम्ही आधी काढलेलं बरं.

आता पाटीवर काय लिहायचं. माझ्या पसंतीचा मजकूर हा:

घर विकणे आहे
३० × ४०, पूर्वमुखी, कॉलमचं
बोअरला पाणी
अपेक्षा ३४ लाख
(फोन नंबर)

बस, एवढंच. भाव मी उदाहरणापुरता घातलाय, तुमचा तुम्ही घाला. पण घालाच. यावर माझ्या ओळखीचे निम्मे लोक माझ्याशी भांडतात. त्यांचं म्हणणं, भाव सांगितला की तो खालीच येणार. भाव लिहिला नाही तर काय होतं? फोन भरपूर येतात आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य असतं, ‘किती अपेक्षा आहे?’ आकडा ऐकला की दहातले बरेच ‘सांगतो’ म्हणून ठेवून देतात. तुम्ही नोकरी करता, पुण्यात बसून हे फोन घेणार कधी? भाव लिहिलेल्या पाटीवरून कमी फोन येतात, पण जो करतो त्याने घरी बायकोशी, भावाशी बोलून आकडा पचवलेला असतो. ‘अपेक्षा’ म्हटलं की बसून बोलायला जागा राहते, ती सगळ्यांना कळते. थोडी वाव ठेवून आकडा धरा, पण पाच-सहा लाखांची हवा भरू नका. त्याच गल्लीत अलीकडे काय व्यवहार झाले, ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराच्या गोषवाऱ्यात, बघता येतं. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दरही तिथेच मिळतो. नोंदलेल्या आकड्यावर पूर्ण विसंबू नये, पण अंदाज बांधायला तो पुरतो.

‘अर्जंट’ हा शब्द मात्र चुकूनही लिहू नका. समोरचा लगेच ओळखतो की यांना पैशाची नड आहे, आणि बोलणी तिथूनच खाली सुरू होतात. ‘सुवर्णसंधी’, ‘मोक्याची जागा’, ‘योग्य भाव’ हे शब्द कुणी वाचतच नाही. तेवढ्या जागेत पाण्याचं लिहा.

पाण्याची ओळ मी का आग्रहाने सांगतो, हे लातूरकराला समजवावं लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते पाहिलेली माणसंच आज घरं घेताहेत. घर बघायला आलेली बाई आधी किचन नाही, मोटार चालू करायला लावते. बोअर किती फूट आहे, मे महिन्यात किती वेळ चालतो, नळ किती दिवसांनी येतो, हौद केवढा आहे, हे विचारल्याशिवाय ती पुढच्या खोलीत जात नाही. बोअर बारमाही असेल तर ‘बोअरला बारमाही पाणी’ असं सबंध लिहा. नसेल तर ‘बारमाही’ लिहू नका. आटणारा बोअर असेल तर ‘नळ आहे, मोठा हौद आहे’ असं लिहा. शेजारी बसलेलाच असतो खरं सांगायला.

तसंच ‘कॉलमचं’. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप या जिल्ह्याच्या हाडात आहे. लातूर-धाराशिवकडचं गिऱ्हाईक आजही भिंत ठोकून विचारतं, पिलरवर उभं आहे की नुसत्या विटांवर? त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर भिंतीला तिरप्या चिरा जातात. तुमचं घर कॉलम-बीमचं असेल तर तो एक शब्द पाटीवर फार काम करतो. लोड बेअरिंगचं, म्हणजे नुसत्या भिंतींवर उभं, असेल तर तो शब्द गाळा आणि फोनवर विचारलं की सरळ सांगा.

कागद खरोखर चोख असतील तर ‘लोन होईल’ एवढे दोन शब्द खाली टाका. नोकरदार माणूस त्या दोन शब्दांवर थांबतो, कारण बँकेने फाईल परत केल्याचा अनुभव त्याच्या गाठीशी असतो. आधी एखाद्या बँकेत फाईल दाखवून विचारा, मगच लिहा.

न लिहायच्या गोष्टीही सांगतो. घर रिकामं आहे, हे लिहू नका. पूर्ण पत्ता लिहू नका. आईचं किंवा बहिणीचं नाव-नंबर टाकू नका, पाटीवरच्या नंबरवर कुणीही कधीही फोन करतं. आणि ‘अमुक समाजासाठीच’ अशी ओळ लिहू नका. मला ती कुठेही दिसली की वाईट वाटतं. घर विकायचंय, माणसाची पारख त्याच्या व्यवहारावरून होते.

आता लिहायला बसू.

पुठ्ठ्यावर लिहू नका, एका सरीत लगदा होतो. घराच्या गेटवर जी मुख्य पाटी लागेल ती पत्र्याची करा. पत्र्याला पॉलिश पेपर मारून प्रायमरचा हात द्या, तो वाळला की पिवळा ऑइल पेंट आणि त्यावर काळी अक्षरं. पिवळ्यावर काळं लांबून सगळ्यात स्वच्छ दिसतं. लाल रंग मोह पाडतो, पण आपल्या उन्हात तो सगळ्यात आधी उडतो. लाल अक्षरात भाव लिहिलेली पाटी महिना-दोन महिन्यांत बिनभावाची होते. काळा टिकतो.

बाकीच्या पाट्यांना सनपॅकची शीट घ्या, म्हणजे ती पोकळ नळ्यांची प्लास्टिक शीट. ८ बाय ४ फुटांची मिळते. कापण्याआधी तिच्या नळ्या कोणत्या दिशेने आहेत ते बघा, बहुतेक वेळा लांबीत असतात. आपल्याला ३ फूट रुंद, २ फूट उंच पाटी हवी आणि नळ्या उभ्या हव्यात, म्हणजे खालून सळई किंवा जाड तार आत सरकवता येते आणि पाटी दुमडत नाही. कशाही कापल्या तर एका शीटमधून पाच पाट्या निघतात, पण नळ्या उभ्या ठेवायच्या तर चारच निघतात. उरलेली फूटभर पट्टी टाकू नका, तिच्यातून बाणाच्या चार पाट्या होतात आणि त्या लागतातच. सनपॅकवर ऑइल पेंट तसाच मारला तर पापडी धरून सुटतो, म्हणून पॉलिश पेपरने आधी हलकं घासा. मार्कर वापरणार असाल तर जाड टोकाचा, पक्क्या शाईचा घ्या आणि अक्षर दोनदा गिरवा. तरी तो उन्हाने फिका पडणार, महिन्याभराने परत एक हात मारावा लागेल हे धरून चाला.

अक्षर केवढं? बोर्ड लिहिणाऱ्यांचा साधा हिशोब असा की एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येतं. साडेतीन इंची अक्षर म्हणजे पस्तीस फूट. ताशी ४० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल सेकंदाला साधारण अकरा मीटर, म्हणजे छत्तीस फूट जाते. म्हणजे मोठ्या रस्त्यावर तुमच्या पाटीला मिळतो एक सेकंद. एका सेकंदात ‘घर विकणे आहे’ वाचून होतं, नंबर काही वाचून होत नाही. त्यामुळे पाटी कुठे लावायची याचं उत्तर अर्धं इथेच मिळतं, पण ते पुढे.

‘घर विकणे आहे’ ही ओळ पाटीभर बसवायची कशी, ते सांगतो, कारण नवखा माणूस हमखास ‘घर’ मोठं काढतो आणि ‘आहे’ला जागा उरत नाही. अक्षरं मोजा: घ, र, वि, क, णे, आ, हे. सात अक्षरं आणि मधल्या दोन मोकळ्या जागा, मिळून नऊ घरं. पाटी ३६ इंच, दोन्हीकडे दीड-दीड इंच सोडला की ३३ उरतात. नऊने भागलं की एका घराला साडेतीन इंचाच्या थोडं वर येतं. पेन्सिलीने घरं पाडून घ्या, मग ब्रश लावा. ‘र’ कमी जागा घेतो, ‘आ’ जास्त घेतो, ते त्यांचं त्यांचं जुळवून घेता येतं. शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांटीला अक्षराच्या निम्मी तरी जागा सोडा. लोक दोन ओळी इतक्या चिकटून लिहितात की खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीत घुसते आणि लांबून नुसता काळा पट्टा दिसतो. आधी अक्षरं काढा, शिरोरेषा सगळ्यात शेवटी, चपट्या ब्रशने एका हातात ओढा. रेघ अक्षराच्या उंचीच्या सहाव्या हिश्शाएवढी जाड ठेवा. त्याहून जाड केली तर ‘घ’ आणि ‘क’ची पोटं बुजतात.

फोन नंबर पाटीवर इंग्रजी आकड्यांत लिहा. आपण सगळे मराठी आकडे वाचतो, पण मोबाइलवर बोट इंग्रजी आकड्यांवर जातं आणि लांबून १ आणि ९ मध्ये गफलत होते. पाच-पाचचे दोन गट करा, मधे ठळक जागा सोडा. नंबराचं अक्षर वरच्या ओळीएवढंच मोठं हवं. नंबर कोपऱ्यात बारीक लिहिलेल्या पाट्या मी रोज पाहतो, त्या लिहिणाऱ्याची सगळी मेहनत वाया गेलेली असते.

आणि लिहून झालं की पाटी भिंतीला टेकवून पंधरा-वीस पावलं मागे जा. मग घरातल्या कुणाला तरी, ज्याने ती पाहिलेली नाही, लांबून वाचायला सांगा. तो जिथे अडखळेल ती ओळ परत लिहा.

जागा. आधी कायदा, म्हणजे उगाच धाकधूक नको. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा कायदा आहे. त्यात इमारत, भिंत, झाड, कुंपण, खांब सगळं येतं. लोकांच्या नजरेस पडणाऱ्या जागी असं विद्रूपीकरण केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा महावितरणचा खांब, दुभाजक, पुलाचा कठडा, शाळेची भिंत, बसथांबा, वाहतुकीचे फलक, सगळं वर्ज्य. झाडाला खिळा तर मारूच नका. आपल्याकडे आधीच सावली कमी, त्या कडुनिंबाला भोकं पाडून आपलं घर विकायचं हे मनाला पटणारं नाही.

तुमच्याच घरावर त्याच घराच्या विक्रीची साधी, दिवे नसलेली पाटी लावायला महापालिकेची परवानगी लागत नाही. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात कलम २४५ मध्ये तशी सूट आहे. दुकानाच्या खिडकीच्या आतल्या पाटीलाही सूट आहे. दुसऱ्याच्या मोकळ्या प्लॉटवर किंवा भिंतीवर बाहेरून लावायची तर जागेच्या मालकाची चिठ्ठी घ्या आणि क्षेत्रीय कार्यालयात जाऊन जाहिरात परवान्याचं विचारून या. छोट्या पाटीचं शुल्क फार नसतं, आणि पावती खिशात असली की पथक आलं तरी बोलता येतं.

म्हणजे तुमची पाटी नंबर एक गेटवर. नंबर दोन कॉलनीच्या किराणा दुकानात, काचेच्या आत. तिसरी पिठाच्या गिरणीत. गिरणीला कमी लेखू नका. दळण होईपर्यंत माणूस तिथे उभा असतो, त्याला पाटी वाचण्यापलीकडे काम नसतं, आणि घर घ्यायचा विषय बहुतेक घरांत बायकाच आधी काढतात. चौथी सलूनमध्ये, पाचवी दूध डेअरीवर, सहावी शिकवणीच्या भागात एखाद्या मेसमध्ये. मेसवाला रोज नव्या पालकांना भेटतो. या सगळ्यांना पाटी देताना दोन मिनिटं थांबून घराची माहिती सांगा. पुढे ‘ते घर कसंय हो?’ हे लोक त्यांनाच विचारणार आहेत.

रस्त्यावरच्या एक-दोन पाट्या कॉलनीच्या वळणावर, परवानगीच्या प्लॉटमध्ये. गाड्या जिथे आपोआप हळू होतात ती जागा निवडा, म्हणजे गतिरोधकाच्या पुढचा प्लॉट, नाहीतर खड्ड्यांमुळे वेग मोडतो तो कोपरा. मघाचा एक सेकंद तिथे तीन-चार सेकंद होतो. पाटी रस्त्याच्या डाव्या हाताला, येणाऱ्याकडे तोंड करून, वळणाच्या आधी लावा. वळण ओलांडल्यावर दिसलेल्या पाटीसाठी कुणी गाडी वळवत नाही. संध्याकाळी सूर्य पाटीच्या मागे असेल तर अक्षरं दिसत नाहीत, म्हणून एकदा संध्याकाळी सहाला स्वतः गाडीवरून जाऊन बघा.

बांबू रोवताना काळ्या मातीचं भान ठेवा. उन्हाळ्यात भेगा पडून बांबू खिळखिळा होतो, पावसात चिखल होऊन कलंडतो. दीड फूट खड्डा घ्या, बांबूभोवती मुरूम आणि खडी ठोकून भरा. माती परत लोटू नका. पाटी दोन बांबूंमध्ये बाइंडिंग तारेने चार कोपऱ्यांत बांधा, सुतळी उन्हाने कुजते. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाआधी जे वारं सुटतं त्यात मोठा फ्लेक्स फाटून जातो, ३ बाय २ ची पाटी टिकते. तरी वादळाच्या दुसऱ्या दिवशी कुणाला तरी चक्कर मारायला सांगा. सुटलेली पाटी कुणाच्या गाडीसमोर जाऊन पडायला नको.

कधी लावावी? आपल्याकडे पैसा पिकावर येतो. सोयाबीन, कापूस विकून दिवाळीच्या आसपास आणि उसाचं बिल जमा झाल्यावर गावाकडचं गिऱ्हाईक हलतं. दुसरा हंगाम दहावीच्या निकालानंतर, मे-जूनमध्ये, जेव्हा पालक खोल्या शोधत लातुरात फिरतात. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या मुहूर्तांच्या महिनाभर आधी पाटी लागलेली हवी, त्या दिवशी नव्हे. पितृपक्षात फोन येत नाहीत, त्याने खचून भाव उतरवू नका.

फोनसाठी वेगळं सिम घ्या. पाटीवरचा नंबर वर्षानुवर्षं लोकांच्या मोबाइलमध्ये राहतो. वही घाला: नाव, गाव, पाटी कुठे पाहिली, काय विचारलं. पाटी कुठे पाहिली हे प्रत्येकाला विचारा, पंधरा दिवसांत कळतं कोणती पाटी बोलतेय आणि कोणती नुसतीच उभी आहे. तिची जागा बदला. एजंटांचेही फोन येतील. तोडून बोलू नका. ‘गिऱ्हाईक असेल तर घेऊन या, त्याच्याकडून काय घ्यायचं ते घ्या, आमच्याकडून किती ते आधी ठरवू’ असं स्पष्ट सांगा. चांगला एजंट दोन टक्के उगाच घेत नाही. तुम्ही पुण्यात आहात, तेव्हा घर दाखवायला भाऊ मोकळा नसेल तर त्या दोन टक्क्यांचा पुन्हा विचार करा. बिनदाखवलेलं घर पाटीने विकलं जात नाही.

एका प्रकारच्या फोनपासून सावध राहा. समोरचा स्वतःला लष्करातला किंवा मोठ्या हुद्द्यावरचा सांगतो, घर न बघताच पसंत करतो आणि टोकन पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. फोन ठेवा. घर दाखवायचं ते दिवसा, घरातली दोन माणसं असताना.

गिऱ्हाईक पटलं की इसार, म्हणजे सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम. आपल्याकडे अजूनही बयाणा रोख द्यायची पद्धत आहे, पण घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे आणि जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. चेकने किंवा खात्यावर घ्या, इसारपावती स्टॅम्प पेपरवर करा, त्यात उरलेली रक्कम आणि रजिस्ट्रीची तारीख लिहा, आणि सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. इसार झाला त्याच दिवशी गेटवरची पाटी उतरवा आणि दुकानांतल्या बाकीच्या दोन-तीन दिवसांत गोळा करा. पाटी तशीच राहिली तर इसार दिलेल्या माणसाच्या मनात शंका येते की हे अजून दुसरं गिऱ्हाईक बघताहेत. गिरणीवाल्याला, किराणावाल्याला व्यवहार झाल्याचं स्वतः जाऊन सांगा. बांबू काढलेले खड्डे बुजवा. पत्र्याची पाटी ठेवून द्या, रजिस्ट्री होईपर्यंत फेकू नका.